बूट दाराशी

मौनीने दाराशी बूट काढले, मोजे त्यांत कोंबले आणि अनवाणी येऊन ती मधल्या खुर्चीवर बसली. वर्गात खसखस पिकली.

बालन्याय मंडळाची लुटुपुटीची सुनावणी होती. मॅडम दरवर्षी ती कायद्याच्या वर्गात घ्यायच्या. मंडळाच्या सदस्य त्या स्वतः व्हायच्या, कारण एके काळी ते काम त्यांनी खरोखरच केलं होतं. यंदा वकील होता पोपट, ज्याचं तोंड परीक्षेतही बंद नसे. आणि चोरीत सापडलेल्या मुलीची भूमिका मौनीने स्वतःहून मागितली होती. वर्गातल्या इतरांपेक्षा ती पाच-सहा वर्षांनी मोठी. वर्षभर तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता.

"बूट कशाला काढलेस?" पोपटाने विचारलं.

"पळू नये म्हणून काढतात."

मॅडमना ते ठाऊक होतं. निकाल लागेपर्यंत निरीक्षणगृहात ठेवलेली मुलं सुनावणीला अशीच आणली जायची. मॅडम त्यावर भांडल्या, लिहिलं, चार लोकांचे शिव्याशाप घेतले, तेव्हा कुठे ती पद्धत बंद झाली. पण त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. हे आपण शिकवताना कधी बोललो का? की हिने तो जुना लेख कुठून तरी शोधून वाचला? की तिसरंच काही? तिसऱ्यापाशी येऊन त्यांचं डोकं चालेनासं झालं.

पोपट तावातावाने बोलत होता. मॅडमच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. मंडळावर असतानाचे चेहरे त्या आठवू लागल्या. एक चेहरा आठवेल तर शपथ. आठवत होते ते नुसते पाय, खुर्चीखाली एकमेकांवर चढवलेले. त्यांनी हळूच खाली पाहिलं. मौनीचेही तसेच होते.

सरळ विचारून टाकावं. पण मूल मोठं झालं की त्याची कागदपत्रं नष्ट झाली पाहिजेत, त्याचा भूतकाळ कुणीही, अगदी कुणीही विचारता कामा नये, हे सांगण्यात मॅडमची उभी नोकरी गेली होती. आणि विचारायचं तरी काय होतं? तुला घरापासून लांब मीच पाठवलं का, आणि माझं चुकलं का, एवढंच. त्यांना ते जाणून घ्यायचंच होतं.

निकाल द्यायची वेळ आली. "तुला सुधारगृहात ठेवावं लागेल, कारण तुझ्या..." मॅडम म्हणाल्या, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मौनीने होकारार्थी मान हलवली. पोपटाने टाळ्या वाजवल्या. काय अभिनय केला, म्हणत सगळे तिच्याभोवती गोळा झाले, मग तास संपला तसे पांगले.

मौनी मात्र खुर्चीतच होती. मॅडमनी उगाच पर्स उघडली, मिटली. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"छान केलंस हं," त्या म्हणाल्या.

मौनी उठली. हात पाठीमागे बांधून ती सरळ उभी राहिली. तिची नजर दाराशी काढून ठेवलेल्या बुटांवर होती.

"मॅडम, घालू आता?"