भाजलेला हात

भांडी घासून, ओले हात पुसत मी बाहेर आले, तर मधला भाऊ धाकटीला विचारत होता, "उकळतं पाणी सांडून आईचा हात भाजला होता, आठवतंय?"

"बिचारी किती वेळ नळाखाली हात धरून उभी होती," धाकटी म्हणाली.

मी खुर्चीत टेकले. "आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं रे. भाजलं ते मला."

"ताई, तुझं काहीतरीच! स्वयंपाकघरात आईच असणार ना. तू तर दारात उभी राहून रडत होतीस."

दोघं हसले. जन्मभर यांना मी रांधून घातलं, आणि आठवणीत मात्र चुलीपाशी आई. पण दारात रडणारी ती मुलगी आता मलाही दिसायला लागली होती.

"मग हे काय आहे?" म्हणत मी बाही वर सारली.

सकाळी अंघोळीच्या वेळी पाहिलेला व्रण तिथे नव्हता. हात गुळगुळीत होता.

घरात आम्ही तिघंच होतो. आत नळ सुरू झाला. पाणी सरळ खाली पडल्याचा आवाज नव्हता. कशावरून तरी ओघळत होतं.