पाठ असलेलं माप

"बाबा, खरं सांगा, तुमचं आईवर जास्त प्रेम आहे की या गाडीवर?"

प्रश्न भिंगरीचा नव्हता. व्हॉलीबॉलच्या टीममधल्या पोरींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. एरवी तिने जीभ चावली असती, पण कॅप्टन झाल्यापासून तिच्या तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नव्हतं. शिवाय बाबा गाडीखाली होते, नुसते पाय बाहेर. पायांना काय भ्यायचं?

"मोठा पाना दे," पाय म्हणाले.

दुकानाच्या दारात काज करत बसलेली आई खुदकन हसली. "मिळालं उत्तर?"

बाबा शिंपी. चारही चाकांना जोर असलेली ही उंचच उंच गाडी त्यांनी हौसेने घरी आणली आणि तेव्हापासून आईचं बाहेर जाणं बंद झालं. तिचा गुडघा धरलेला. एवढ्या उंचीवर पाय जाईना. 'तुम्ही दोघं जा, मला कामं आहेत,' हे तिचं पालुपद. भिंगरीचा एकही सामना तिने पाहिला नव्हता. मैदान टेकडीवर, वाट सगळी दगडांची. तिथवर ही एकच गाडी पोचायची. आणि उद्या फायनल. म्हणजे आज गाडीला पायऱ्या बसायलाच हव्या होत्या.

विकतच्या पायऱ्यांचं नाव काढलं की बाबा उसळायचे. "अख्ख्या गल्लीचे कपडे बेततो मी. दोन पायऱ्या बेतता येणार नाहीत?"

पहिल्या जोडीवर गाडीचं दार आपटलं. दुसरी जोडी खालच्या पत्र्याला कसली होती. बाबा वर उभे राहिले, तशी ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी मान टाकून वाकली. आता ही तिसरी, थेट गाडीच्या सांगाड्याला, चॅसीला. ग्रिलवाल्याकडून वाकवून आणलेल्या पाइपांवर शिंप्याच्या खडूच्या खुणा होत्या आणि खुणांच्या पुढे दोन बोटं जास्तीचं लोखंड.

"हे जास्तीचं कशाला?"

"माया सोडलीय."

"बाबा, कापड आहे का ते? पुढच्या वर्षी उसवून सैल करणार आहात?"

"तू पाना धर. तोंड नको चालवू."

नट घरंगळून गटारीच्या जाळीपाशी गेला. तो काढताना भिंगरीचा कोपर सोलला. बोल्ट तिरका बसला. काढला, घातला, पुन्हा तिरका. बाबांनी पाना आपटला, मग तोच शोधत बसले. "तुझ्या हाताखालीच असेल," ते म्हणाले. निघाला त्यांच्याच पाठीखाली. भिंगरीला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला वेळ कुठे होता?

ऊन उतरलं तेव्हा दोन्ही पायऱ्या बसल्या. बाबा एकीवर चढून दणादणा नाचले. ती हललीसुद्धा नाही.

"हत्ती उभा करा आता! अगं ये, बघ तरी चढून."

आईने काजाचं काम बाजूला ठेवलं, हात पुसले आणि आली. पाय उचलला. चपलेचं टोक पायरीच्या कडेला थटलं आणि पाय खाली आला. तिने दाराची चौकट धरून पुन्हा उचलला. या वेळी मागून बाबांनी रेटलं, आतून भिंगरीने ओढलं, आणि आई कशीबशी सीटवर येऊन पडली. ओठ घट्ट मिटलेले.

"छान झालीय," ती म्हणाली. "चालेल."

भिंगरीने टुणकन खाली उडी मारली. "चालेल काय? दोघं लागलो आम्ही तुला वर घालायला! बाबा, ही उंची कुठून काढलीत? आईला उभं करून माप घेतलं होतंत?"

"तिचं माप?" बाबांना हसूच आलं. "इतकी वर्षं तिचे कपडे शिवतोय. तिचं माप मला तोंडपाठ आहे."

"पाठ कधी केलंत?"

बाबा बोटांवर वर्षं मोजायला लागले. त्यांनी वर आईकडे पाहिलं. आई समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती.

"लग्नातलं आहे हो ते," ती हळूच म्हणाली. "कपडे तर मी तुमच्या माघारी उसवून घेते. आत माया सोडलेली असते ना तुमची. भागतं."

बाबांनी गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग पुटपुटले, "पण आणखी खाली घेतली तर टेकडीवर दगडांना अडकेल. मग एवढ्या उंच गाडीचा उपयोग काय?"

"राहू द्या ना. कुठे आता पुन्हा सगळं खोला," आई म्हणाली. "मी चढेन धरून. नाहीतर असं करा, उद्या तुम्ही दोघंच..."

"नाही!"

भिंगरीने बाबांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला.

"आई, उतर खाली. सावकाश. आता माप मी घेणार, तुझ्या आजच्या गुडघ्याचं. बाबा, सगळे नट सोडवा. ग्रिलवाल्याचं दुकान अजून उघडं आहे. पायरी दगडाला अडकली तर अडकू दे. आपण उतरू आणि दगड बाजूला करू. आणि दोघंही नीट ऐका. आई कुणीही न ढकलता, न ओढता वर चढत नाही, तोपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही. उद्या फायनल असली तरी."