इलोइलोचं फोल्डर

फोल्डर याही वेळी सर्व्हरवरून निघालं नाही. आत अजून काहीतरी आहे, एवढंच सर्व्हरचं पालुपद. लुडीनं आतली शेवटची फाइल आत्ताच स्वतःच्या हातानं उडवली होती.

"एक फोल्डर काढायला अख्खा दिवस?" सर ओक्तावियो मागे येऊन उभे राहिले. हातात पान्सितच्या शेवयांची बशी, तोंडात घास. "मी घरी जायच्या आत ते गेलं नाही, तर सोमवारी तूही येऊ नकोस."

छापखान्याची इलोइलोची शाखा त्यांनी गेल्या आठवड्यातच बंद केली होती. तिथल्या लोकांना सांगून झालंय, असं तेच म्हणाले होते. मनीलाच्या सर्व्हरवर आता शाखेचं फोल्डर तेवढं उरलं होतं. ते काढून टाकायच्या छोट्या प्रोग्रामची पर्ल स्क्रिप्ट मात्र त्याच शाखेतल्या रेनांतेनं कधीकाळी लिहिलेली. लुडीला हा माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. जाता जाता त्यानं मुद्दाम घाण करून ठेवलीय, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. फोल्डर निघेपर्यंत पुन्हा पुन्हा चालत राहील अशी तिनं स्क्रिप्ट लावून दिली आणि त्याला फोन केला. राग असला तरी हाक 'कुया', म्हणजे दादा, अशीच.

"कुया रेनांते, काय घोळ घालून ठेवलात स्क्रिप्टमध्ये? फोल्डर निघत नाहीये."

"अगं इंदाय, वाचायला शीक आधी." इलोइलोची माणसं भांडतानाही गोड आवाजात, पोरीला इंदाय म्हणत बोलतात. तिला तेच जास्त डाचायचं. "रिकामं नसलेलं फोल्डर सर्व्हर काढूच देत नाही. तू आतलं उडवतेस, तेवढ्यात तिकडून कोणीतरी नवीन टाकत असणार. माझ्या स्क्रिप्टला नावं ठेवण्यापेक्षा त्या शहाण्यांना सांग, काम थांबवा म्हणावं."

बोलता बोलता त्याच्या आणि आजूबाजूच्या कीबोर्डांची खडखड चालूच होती.

"आणि जरा आमच्याकडेही बघा. सकाळपासून सर्व्हरवर चढवलेली छपाईची पानं गायब होतायत. आम्ही सगळे जेवणं सोडून तीच तीच पानं पुन्हा चढवत बसलोय. तू काढतेयस तरी कुठलं फोल्डर?"

लुडीनं वळून पाहिलं. सर ओक्तावियो बशी पुसून खात होते. तिला त्यांची किळस आली, आणि स्वतःचीही.

"तुमचं, कुया," ती म्हणाली.

पलीकडची खडखड एकेक करत सगळी थांबली. आणि दिवसभरात पहिल्यांदाच स्क्रिप्ट कुठेही न अडता शेवटपर्यंत चालली.