हिरवी खूण

सकाळी सव्वासातला प्रयोगशाळेतून अल्पना मॅडमचा फोन आला. ज्या घोड्यांच्या रक्ताच्या नळ्या वाटेत फुटल्या, त्यांचे नमुने पुन्हा कधी पाठवताय, असं त्या विचारत होत्या.

नळ्या फुटल्याचं कुंदनला माहीतच नव्हतं. तापीकाठच्या घोडेबाजाराची वेबसाइट त्यानं एकट्यानं तयार केली होती. ग्लँडर्सच्या तपासणीत दोष नसेल, तर घोड्याच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची. खूण नसेल, तर विक्री बंद. हा रोग झालेल्या घोड्याचं नाक वाहतं. त्याला मारावं लागतं. रोग माणसालाही लागतो.

"आम्ही कळवलं होतं ना," अल्पना मॅडम म्हणाल्या. "त्या घोड्यांचे निकाल कोरे पाठवले होते."

कुंदननं प्रोग्राम उघडला. निकाल आलाच नाही, तर डेटाबेस त्या जागी 'नल' ठेवतो. नल त्यानं अडवला होता. 'दोष' हा शब्द अडवला होता. बाकी सगळं हिरवं. पण कोरा निकाल म्हणजे नल नव्हे. तो आलेला निकाल असतो, फक्त त्यात अक्षर नसतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. प्रोग्रामनं त्याला बाकीच्यांत धरून हिरवी खूण दिली होती.

त्यानं कोरे निकाल शोधले. सगळे जालमसिंग व्यापाऱ्याच्या एकाच ट्रकमधले. त्याच ट्रकमधल्या एका घोड्यात दोष निघाला होता. तो लाल दिसला, वेगळा बांधला गेला. बाकीचे विकले गेले, आणि बाजार परवाच उठला. घेणाऱ्यांच्या मोबाइल नंबरची सक्ती नको, लोक कंटाळतात, हे कुंदनचंच म्हणणं. तो रकाना नलनं भरलेला होता.

एका ओळीत तेवढा नंबर होता. तो त्याला पाठ होता.

त्याच्या वडिलांनी, दोधूआप्पांनी, बाजारात त्या ओळीतल्या पांढऱ्या घोडीच्या अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले, दात पाहिले, चाल पाहिली. मग जालमसिंगला म्हणाले, तुझ्या तोंडापेक्षा माझ्या पोराचा मोबाइल खरा. मोबाइल कुंदननंच त्यांच्यापुढे धरला होता.

त्यानं गावी, कोरीटला, आप्पांना फोन लावला. घोडीला हात लावू नका, गोठ्यातून बाहेर या, असं सांगितलं. आप्पा हसले.

"तुन्हा मोबाइलम्हा हिरवं दिसनं, म्हनीसन ते लिधी ना भाऊ. काई नई व्हयनं तिले. नाकमाईन जरासं पानी ई ऱ्हायनं. थंडी शे."

कधीपासून, कुंदननं विचारलं. घरी आणल्यापासून, आप्पा म्हणाले. ते रुमालानं पुसून देत होते. रुमाल कुठे आहे, हेही त्यानं विचारलं. तो त्यांच्या गळ्यात होता.

कुंदननं प्रोग्रामची एक ओळ बदलली. साइटवरच्या त्या हिरव्या खुणा गेल्या. खरेदीदारांनी मोबाइलवर काढून ठेवलेले त्यांचे फोटो हिरवेच राहिले.

दुपारी पशुवैद्यकांनी घोडीचं रक्त पुन्हा नेलं. तिच्या नावापुढे आता नियमाप्रमाणे 'अहवाल आलेला नाही' असं दिसतं.

दोधूआप्पांना संध्याकाळपासून कणकण आहे. त्यांच्यासाठी त्या साइटवर रकाना नाही.