तालाच्या रेघेवर

“डावा हात कधीपासून जड झालाय? नेमकं सांगा, पुढचे उपचार त्यावर ठरतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “झाला असेल आठवडा,” सोराचा ड्रमवादक नवरा हसत म्हणाला. सेऊलमधल्या तळघरात तो वाजवायचा आणि ती, तान्ह्या हेरिनला पाठीला बांधून, संगणकावर त्याचं वादन जुळवायची. मागे रेंगाळलेला प्रत्येक ठोका बटण दाबून पडद्यावरच्या तालाच्या रेघेवर गुपचूप बसवायची. “म्हातारपणीही हात चालतोय, हेरिनचे बाबा,” ती चिडवायची. “म्हातारा असेल तुझा बाप,” जुळवलेलं गाणं ऐकून तो ऐटीत म्हणायचा. दवाखान्याच्या खिडकीबाहेर आता पानगळ होती. “वसंतात चेरी फुलली तेव्हापासून,” सोरा पुटपुटली. “काहीतरीच काय बोलतेस? तेव्हाची गाणी ऐक की, एक ठोका चुकलेला नाही.” सोराने मांडीवर लॅपटॉप उघडला, त्या गाण्यांमधली आपली सगळी दुरुस्ती पुसली आणि हेडफोन हळूच त्याच्या कानांवर चढवले.