छत्रीवाल्यांचं वाक्य

"हे घ्या, माझं सगळ्यात लाडकं वाक्य. कुठे सांडू नका," असं म्हणत मावशीने छत्रीवाल्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली.

मेकअपच्या खोलीत सकाळपासून हेच चाललं होतं. जाड्याने आपला एक ठेवणीतला टोमणा दिला. मालिकेत एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या आणि एरवी एका डब्यात जेवणाऱ्या दोघी टंकलेखिकांनी मिळून एक आयतं भांडण दिलं. शिपायाचं काम करणाऱ्या लंबूकडे मुळात दोनच वाक्यं. त्यातलं मोठं त्याने देऊन टाकलं.

कारण वाहिनीच्या साहेबांचं फर्मान आलं होतं. "बाकावर नुसतं बसायला मला नट कशाला हवा? छत्रीवाले या भागात बोलले तर राहतील, नाहीतर नारळ."

मालिकाच तशी तऱ्हेवाईक. हरवलेल्या वस्तूंची कचेरी, आणि वस्तू न्यायला कुणी म्हणून येत नाही. कर्मचारी लोकांच्या चपला घालतात, लोकांच्या चष्म्यांतून पेपर वाचतात. पहिल्या भागात तेवढे एक गृहस्थ छत्री शोधायला आले. "बसा, बघतो," असं सांगितल्यावर जे बसले ते अजून बसलेलेच. तेच हे छत्रीवाले. त्यांच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. उभी हयात रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेल्या या नटाला ते फार सलत होतं. चित्रीकरण चालू असताना ते बाकावर बसून मनातल्या मनात स्वतःसाठी वाक्यं रचत राहायचे.

"पाठ झालं ना?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"बाई, झोपेतून उठवून विचारा."

नेहमीप्रमाणे चित्रीकरण बघायला आलेले प्रेक्षक समोरच्या खुर्च्यांवर बसले. साहेब पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. दिवे लागले.

मावशी कचेरीची प्रमुख. तिने पहिला विनोद टाकला. आज मनात काही रचायचं नसल्यामुळे छत्रीवाले प्रथमच समोर बघत होते, आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. वाक्य संपलं तरी कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा मावशीवरून निघाल्या, बाकावर आल्या, त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर टेकल्या. मग हशा उसळला.

योगायोग असेल. जाड्या बोलला. पुन्हा तेच: नजरा आधी बाकावर, हसू मागून.

टंकलेखिकांच्या वेळी छत्रीवाल्यांनी करून पाहिलं. वाक्य संपता संपता मुद्दाम मान खाली घातली. हशा ओल्या काडीसारखा फुसफुसला. त्यांनी हळूच मान वर केली, आणि अडकून पडलेला हशा धबाधबा कोसळला.

छत्रीवाल्यांना आता उमगलं. ही माणसं विनोद कचेरीत ऐकत होती आणि हसायला बाकावर येत होती.

तेवढ्यात मावशी त्यांच्याकडे वळली. "अहो, एकदाचं सांगून टाका बघू. तुमची छत्री होती तरी कोणत्या रंगाची?"

'छत्री माझी नव्हतीच.' उत्तर जिभेवर तयार होतं. प्रेक्षक पुढे झुकले. जाड्याने श्वास रोखला. साहेबांच्या हाताची घडी सुटली. या एका वाक्यावर छत्रीवाल्यांची भाकरी होती. त्यांनी तोंड उघडलं.

आणि मिटलं. खिशातून रुमाल काढला, चष्मा सावकाश पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि इतका खासगी प्रश्न आपल्याला जन्मात कुणी विचारला नव्हता अशा नजरेने मावशीकडे पाहिलं.

छप्पर उडायचंच काय ते राहिलं. मावशी कसलेली. हशा ओसरू देऊन ती म्हणाली, "बरं बरं, विचार करून सांगा. घाई नाही." पुन्हा तोच गदारोळ.

मग ते थांबलंच नाही. जिथे त्यांनी बोलायचं, तिथे ते त्या वाक्याच्या मूळ मालकाकडे नुसतं बघत, आणि मालक आपलं वाक्य स्वतःच म्हणून टाकी. टोमणा जाड्याकडे परत गेला, भांडण दोघींकडे. लंबूने तर दोन्ही वाक्यं अशी म्हटली की एक बाई खुर्चीवरून घसरली. दिवे मालवले तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

साहेब तडक सेटवर चढले. पाचही जण छत्रीवाल्यांच्या पुढे भिंतीसारखे उभे राहिले.

"साहेब, चूक माझी," मावशी म्हणाली. "मी प्रश्नच भलता विचारला."

"तिची कसली? मी मध्येच खोकलो," जाड्या म्हणाला. खरं तर जाड्या खोकलाच नव्हता.

साहेबांनी हसून हसून ओले झालेले डोळे पुसले. मग चेहरा गंभीर करून ते दिग्दर्शिकेकडे वळले.

"बाकावरचे ठीक आहेत हो. पण बाई, हे बाकीचे पाच जण जरा जास्तच बोलतात, असं नाही वाटत तुम्हाला?"