भुताला एकच प्रश्न

दादा गेल्यापासून वहिनीचं कशातच लक्ष लागेना, म्हणून धाकट्या दिराने तिला आपल्या खेळात ओढली. फाशांचा खेळ, तो गोष्ट रचायचा आणि बाकीचे त्यातली पात्रं होऊन ती पुढे न्यायचे. या वेळी धुक्यात बुडालेला किल्ला होता, विष देऊन मारलेला उमराव होता आणि वहिनी झाली होती मांत्रिकीण.

तळघरातल्या शवपेटीपाशी तिने फासे टाकले आणि दान असं काही पडलं, की मेलेला उमराव उठून बसला.

"भूत एकाच प्रश्नाचं उत्तर देईल," दीर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"खुनी कोण ते विचार!" सगळ्यांनी एकच गलका केला.

वहिनी बराच वेळ फासे हातात घोळवत राहिली. मग हळूच म्हणाली, "शेवटी तू एकटाच होतास का रे?"

दादा गेला त्या दिवशी दवाखान्यात पोचायला तिला उशीर झाला होता. नंतर तिने कधी काही विचारलं नाही, आणि आपणहून सांगायची दिराची छाती झाली नाही.

उमरावाचं उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं. ते त्याने गिळलं आणि स्वतःच्या आवाजात म्हणाला,

"नाही वहिनी. माझ्या हातात हात होता त्याचा. तू निघालीयेस म्हटलं, तर हसला. म्हणाला, 'गाडी सावकाश चालव म्हणावं तिला.'"